सुभेदारांचा उजवा डोळा

१

सुभेदार लालासाहेबांचा उजवा डोळा चोरीला गेला, तेव्हा त्यांच्याखेरीज घरात तीन माणसं, एक म्हैस आणि एक मांजर होती. डावा डोळा तीन वर्षांपूर्वीच गेला होता, पण तो रीतसर गेला होता, वयानं गेला. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उजव्याचं तसं नव्हतं.

हे मला मिरजेला कळलं. सुभेदारांच्या सोबतीला म्हणून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. सोबत म्हणजे पाट्या वाचायला. त्यांना पाटी दिसायची, पाटीवरचं दिसायचं नाही. नजरेच्या ऐन मध्यावर धुराचा गोळा बसलेला असायचा, आणि जिकडं बघावं तिकडं तो आधी जाऊन बसायचा.

डॉक्टर मदिहा पडद्याच्या डॉक्टर. डोळ्याच्या आतल्या पडद्याचं तेवढं बघतात.

"औषध घेता ना, सुभेदारसाहेब?"

"घेतो की. रोज. दोन टायम. दुधातनं."

"चुकत नाही?"

"सव्वीस वर्षं फौजेत हुतो मी," सुभेदार म्हणाले, आणि तो विषय संपला.

डॉक्टरांनी त्यांना डोळ्याचे फोटो काढायला पलीकडच्या खोलीत पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही यांचे कोण?"

"शेजारी. ज्ञानू म्हणतात मला. गावच्या डेअरीत चौतीस वर्षं दुधाचं फॅट काढायला होतो."

"मग तुम्हाला समजेल. डोळ्याच्या पडद्यात फार नाजूक जातीची चरबी असते. दिवसभर तिच्यावर उजेड पडतो, आणि रक्तातून प्राणवायूही भरपूर येतो. तेलाची वाटी उन्हात उघडी ठेवली तर काय होतं?"

"खवट होतं."

"पडदाही तसाच खवटतो. सी आणि ई जीवनसत्त्वं, जस्त, आणि हिरव्या भाजीतला एक पिवळा पदार्थ, हे सगळं त्याला आवर घालतं. गेलेलं परत येत नाही, पण जाणारं सावकाश जातं. म्हणून मी चौदा महिन्यांपूर्वी त्यांना दोन प्रकारच्या कॅप्सूल लिहून दिल्या. आणि जवसाचं तेल, रोज एक चमचा."

"मग?"

"मागच्या वेळी रक्त घेऊन पुण्याला तपासायला पाठवलं होतं. इतके महिने ही औषधं खाणाऱ्या माणसाच्या रक्तात त्यांची खूण राहते. यांच्या रक्तात काहीही नाही. पाकिटं मात्र दर महिन्याला इथून जातात, आणि संपली म्हणून नवीनही नेली जातात."

"म्हणजे सुभेदार खोटं बोलतात?"

"बोलत असले तर बरं," डॉक्टर म्हणाल्या. "बोलत नसले, तर त्यांचं औषध दुसरंच कुणीतरी खातंय."

२

आमच्या गावात औषध खाण्यासाठी चोरी झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. औषध न खाण्यासाठी मात्र माणसं वाटेल ते करतात.

सांगली स्टेशन मागं पडल्यावर मी सुभेदारांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग गळ्यातली तुळशीची माळ सारखी केली.

"चोर घावला तर डोळा परत येतोय काय?"

"नाही."

"तरी हुडीक."

"कशाला? उगाच घरात—"

"आरं, उद्यापासनं मला ताटातलं दिसनार न्हाई. कोन काय वाढतंय, वाटीत काय हाय, गोळी कसली देत्यात. दुसऱ्याच्या हातावर जेवायचं आता मरस्तवर. तिघांपैकी एकजण डोळा खानारा असला, तर मी कुनाच्या हातचं जेवू?" मग म्हणाले, "तू एवढी वर्सं लोकांच्या दुधात पानी हुडकलंस. पोलिसात जान्यापेक्षा ते बरं."

रहिमतपूरला उतरेपर्यंत माझी नेमणूक झालेली होती.

३

पहिली संशयित सून, संयोगिता. हिचा नवरा राजवर्धन, म्हणजे सुभेदारांचा मुलगा, तिकडं आसामात फौजेत. घरातलं सामानसुमान हिच्या ताब्यात, किल्ल्या हिच्या कमरेला. रहस्यकथेत किल्ल्यांवाल्या माणसाला आधी धरायचं असतं.

"काका, माझ्यावर संशय हाय व्हय?" तिनं चहा ठेवताठेवता विचारलं.

"यादीत आहेस."

"मांजर बी हाय काय यादीत?"

"आहे."

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि साखर घातली.

औषध आणायचा शिवतेज, द्यायच्या सासूबाई. "आत्याबाई दोन्ही टायमाला दुधाचा ग्लास देत्यात मामंजींना. तोंड वाकडं करून पित्यात, पन थेंब ठेवत न्हाईत. मी बघते की."

"गोळी टाकताना बघितलीस?"

"ग्लास बघितला. गोळी टाकताना कशाला बघू? आत्याबाईंच्या हातावर लक्ष ठेवून या घरात चौदा महिने काढायचे म्हनलं तर माझंच डोळं जातील."

मग तिनं फळीवरची तुपाची बरणी काढून माझ्यापुढं आपटली. "त्यापरीस ह्याचा तपास लावा. आधी कसं रवाळ व्हायचं. आता लोनी हातात धरवत न्हाई, तूप थंडीत बी थिजंना. म्हस तीच, भांडी तीच. आत्याबाई म्हनत्यात, तुझा हातच मऊ."

तूप मी वास घेऊन परत दिलं. मला त्या वेळी डोळ्याचा चोर हवा होता, तुपाचा नव्हे.

"सासऱ्यांशी तुझं कधी वाजलं?"

तिनं बरणी फळीवर ठेवली. "अकरा वर्षं झाली माळ घालून. आता देवमानूस हायत. आधीचं तुमाला काय सांगायचं, तुमी भिंतीपलीकडंच राहता."

राहत होतो. फौजी कॅन्टीनच्या बाटल्या संपल्या की त्या घरातून काय आवाज यायचे ते मला पाठ होतं. ऐकू येत नसल्यासारखं करून मी रेडिओ मोठा करायचो.

निघताना ती हळूच म्हणाली, "खरं सांगू का? शिवतेजच्या पिशवीत मला एक रिकामं पाकीट घावलं हुतं. औषधाचंच. लेकरू हाय माझं, म्हनून गप बसले."

४

शिवतेज वीस वर्षांचा. फौजेच्या भरतीसाठी रोज पहाटे कोरेगावच्या रस्त्यानं पळायचा. पळण्यात पहिला, लेखीत बरा, आणि मागच्या खेपेला डोळ्याच्या तपासणीत बाद. आजोबांचं डोळ्याचं औषध चोरायला याच्याइतकं सबळ कारण पंचक्रोशीत कुणाकडं नव्हतं.

"व्हय, खाल्ली," तो लगेच म्हणाला. रहस्यकथेतल्या संशयितानं एवढ्या लवकर कबूल होऊ नये. तपास करणाऱ्याचा अपमान होतो.

"किती?"

"एक."

"पाकीट रिकामं सापडलं."

"बाकीच्या पोरांस्नी वाटल्या. आमी नऊजन बाद झालतो डोळ्यात. पाकिटात धा हुत्या, सगळ्यांनी एकेक खाल्ली, एक मातीत पडली. पुन्यांदा न्हाई खाल्ली कुनी."

"का?"

"ढेकर," शिवतेज म्हणाला. "काका, दिवसभर ढेकर देत पळलो, आन् ढेकर कसली तर सुकटीची. तालमीत वस्ताद म्हनला, कोन मासं खाऊन आलाय ते बाजूला उभं ऱ्हावा. नऊजन बाजूला झालो."

"सुकटीची?"

"माशाच्या तेलाची हाय की ती गोळी. पाकिटावर लिवलंय. आजीनं घरात सांगायचं न्हाई म्हनून शपथ घातली हुती."

चौदा महिन्यांतलं एक पाकीट गेल्यानं कुणाचं रक्त कोरडं पडत नाही. पण माझ्या मनात आता दुसरंच घोळायला लागलं होतं. गळ्यात माळ घातलेला माणूस, माशाचं तेल, आणि ही गोष्ट ठाऊक असलेली त्याची बायको, अंजनावैनी.

५

बायकोवर संशय घेण्याआधी सभ्य माणसानं बाहेरच्यांवर संशय घेऊन बघावा. म्हणून मी रहिमतपुरात इलाहीभाईंकडं गेलो. यांचा तेलाचा घाणा. सुभेदारांचं जवस तेच गाळतात.

"तेलात भेसळ?" इलाहीभाईंनी शांतपणे विचारलं. "माझ्या बापानं बी न्हाई केली, आन् त्याला तर जमत हुती."

"जुनं, खवटलेलं तेल दिलं असेल."

"जुनं ऱ्हायला उरलं पायजे की. अंजनाभाभी आठवड्याला दोन लिटर नेत्यात."

"दोन लिटर?"

"कवा कवा सव्वादोन."

डॉक्टरांनी चमचा सांगितला होता. "इलाहीभाई, ऐंशीच्या घरातला माणूस आठवड्याला दोन लिटर तेल कसं पिईल?"

"मला बी तसं वाटलं," इलाहीभाई म्हणाले. "पन फौजी मानूस हाय. मी इचारलं न्हाई."

परत येताना वाटेत डेअरीचे सचिव तात्याबा भेटले. त्यांनी माझा दंड धरला.

"बरं झालं घावलास. सुभेदाराच्या घरचं दूध बघ जरा. वरसापूर्वी सात-साडेसात फॅट लागायचं, आता पाचावर आलंय. साय काढून घालत्यात काय, का पानी?"

"पाणी घातलं तर दूध लॅक्टोमीटरवर हलकं लागेल."

"न्हाई ना लागत. बाकी सगळं बराबर हाय. नुसतं फॅटच गेलंय."

मी रस्त्यातच उभा राहिलो. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता, पण तो काही महत्त्वाचा मुद्दा नव्हता. दुधातलं पाणी वाढलं नाही, म्हणजे पाणी घातलं नाही. साय काढत असते तर घरात तूप उतू गेलं असतं. इथं तर ते थिजतही नव्हतं. फॅट पडतं आणि लोणी मऊ होतं, हे दोन्ही एकदम व्हायला चौतीस वर्षांत मी एकच कारण बघितलं होतं. जनावराच्या पोटात रोज पावशेर सुटं तेल जात असलं की असंच होतं.

संध्याकाळी धारेच्या वेळी मी सुभेदारांच्या गोठ्यात गेलो. म्हैस अशी चमकत होती, की तिच्यात बघून भांग पाडावा. आणि माळकऱ्याच्या घरातली मांजर धारेकडं पाठ करून, गव्हाणीतला रिकामा पेंडीचा डबा मन लावून चाटत होती.

दूध सोडून पेंड चाटणारी मांजर मी पहिल्यांदाच बघत होतो. डबा उचलून वास घेतला. सुकट.

"ठेवा तो डबा, भाऊजी," मागून अंजनावैनी म्हणाल्या.

६

वैनींनी काही लपवलं नाही. धार काढता काढताच त्या बोलल्या, कारण म्हैस पान्हवली होती आणि ती थांबणार नव्हती.

"पहिल्या खेपेला मी बी गेलते मिरजेला. औषधाच्या दुकानातला मानूस म्हनला, आजी, ह्या माशाच्या तेलाच्या हायत, जेवल्यावर द्या. दुसरीचं टरफल जनावराच्या हाडाचं. माळ हाय ह्यांच्या गळ्यात. कशी देऊ?"

"म्हणून म्हशीला दिल्या."

"लेकराला खोकला झाला तर काढा कोन पितंय? आई. लेकराला दुधातनं पोचतोय. राजवर्धनला असाच वाढवला मी. तुमच्या घरात न्हवतं काय?"

होतं. माझी आई माझ्यासाठी ओवा खायची.

"म्हशीच्या गळ्यात कुठं माळ हाय?" वैनी म्हणाल्या. "ती खाती, ह्यांना दुधातनं जातंय. मासा म्हशीतच ऱ्हातोय, गुन तेवढा उतरतोय. जवस बी आधी ह्यांनाच दिला हुता, तर पोटात आग पडली. म्हशीच्या अंगातनं आला की थंड हून येतोय. आन् एवढं धुडाचं जनावर, त्याला चमच्यानं काय हुनार, म्हनून वाटीनं घातला."

"आणि घरात सांगितलं, औषध दुधातनं देते."

"खोटं काय सांगितलं?"

खरंच, खोटं कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. चार माणसांची जबानी झाली होती आणि चौघांचा शब्दन्‌शब्द खरा होता. असल्या तपासात निर्ढावलेला खोटारडा एखादा तरी हवा. निदान त्याच्यावर चिडता येतं.

वैनींनी चरवी बाजूला ठेवली. "पोचलं न्हाई काय, भाऊजी?"

मी तिथूनच डॉक्टर मदिहांना फोन लावला, आणि वैनींना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला. हे मी का केलं ते मला अजून कळलेलं नाही. मग त्यांना सगळं सांगितलं.

"म्हशीच्या पहिल्या पोटात कोट्यवधी जंतू असतात," त्या म्हणाल्या. "त्या नाजूक तेलाची ते साधी चरबी करून टाकतात. सी तिथंच संपतं. ई थोडंसं उतरत असेल. आणि पिवळा पदार्थ तर म्हैस उतरूच देत नाही, म्हणून तर म्हशीचं दूध पांढरं. त्यांनी चौदा महिने फक्त दूध प्यायलं."

"औषध पोटात गेलं असतं तर डोळा वाचला असता?"

"अशा शंभर माणसांना औषध दिलं नाही, तर पाच वर्षांत साधारण अठ्ठावीस जणांचा डोळा जातो. दिलं तर वीस जणांचा. आठ वाचतात. सुभेदारसाहेब त्या आठांतले होते की विसांतले, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच कधी सांगता येणार नाही."

चौतीस वर्षं मी यंत्रावर आकडा बघून माणसं सोडली किंवा धरली. इथं आकडा होता, आणि त्यानं काहीच ठरत नव्हतं. चोर सापडला होता. चोरी झाली की नाही तेच कळायचं नव्हतं.

"आणि ते माशाचं तेल?"

"त्याचा वेगळा फायदा मोठ्या चाचणीत दिसला नव्हता," डॉक्टर हळू म्हणाल्या. "नुकसान नाही, म्हणून लिहिलं. कामाची होती ती जीवनसत्त्वं. ती साध्या गोळीतही मिळतात. मासा नाही, हाड नाही. मला विचारलं असतं, तर लिहून दिली असती." मग म्हणाल्या, "मीही विचारलं नाही. माळ मला दिसत होती."

वैनी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. मांजरीनं चरवीत तोंड घातलं, तरी हाकललं नाही.

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. "म्हशीनं खाल्लं म्हणतो. तेही खोटं नाही."

"नगं. ज्यानं केलं त्यानं सांगावं."

७

सुभेदार अंगणात बाजेवर बसले होते. ताट झाकून शेजारी ठेवलेलं होतं. कालपासून त्यांनी फक्त केळी खाल्ली होती, कारण केळ्याचं साल आपल्या हातानं काढता येतं.

वैनी त्यांच्या समोर जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. मासा, हाड, म्हैस, आठ माणसं, साधी गोळी. काही गाळलं नाही.

"मासा हुता म्हनून?" सुभेदारांनी विचारलं.

"व्हय."

"येडे, मला इचारायचं तरी. खाल्ला असता मी मासा. डोळ्यापुढं माळ काय? उतरवून खुंटीला ठेवली असती. डोळा बरा झाल्यावर परत घातली असती."

"परत घातली नसती तुमी," वैनी म्हणाल्या.

सुभेदारांची बोटं माळेवर गेली आणि तिथंच थांबली.

"एकदा खुंटीला गेली असती, की दुसऱ्या दिशी कॅन्टीनची बाटली आली असती. मला ठावं हुतं तुमी हो म्हननार. म्हनूनच इचारलं न्हाई." वैनींचा आवाज अगदी रोजचा होता, भाकरी झाली म्हणून सांगावं तसा. "अकरा वर्सं माज्यावर हात न्हाई उगारला तुमी. मला ती माळ पायजे हुती. डोळा बी पायजे हुता. दोन्ही ऱ्हातील असं वाटलं."

मला तिथून उठायचं होतं. पण माझी नेमणूक त्यांनीच केलेली होती आणि त्यांनी मला मोकळं केलेलं नव्हतं.

मग सुभेदारांनी मान वळवली, वैनींपासून दूर, पार गोठ्याच्या भिंतीकडं. आणि तशीच ठेवली.

वैनींनी ते बघितलं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, झाकलेलं ताट उचललं आणि आत गेल्या. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"गेली काय रं ती?" सुभेदारांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"गेल्या."

"समोर धरलं की तोंडच पुसून जातंय तिचं," ते म्हणाले. "मान अशी फिरवली की कडंला जरा दिसतंय. आत्ता कुठं दिसाय लागली हुती."